परसातलं अळू: लावायचं कसं, खाज घालवायची कशी, रांधायचं कसं

गेल्या हिवाळ्यात माझी मामेबहीण उत्तराखंडात फिरून आली, तिथे तिने कंडालीची भाजी खाल्ली. कंडाली म्हणजे ते बिच्छू घास, हात लागला की विंचू चावल्यासारखी आग होते ते, नेपाळात त्यालाच सिस्नू म्हणतात. तिला ती भाजी एवढी आवडली की आल्या आल्या मला फोन, की बिया मागवूया का, आपल्या परसात होईल का. मी म्हटलं अगं ती थंड हवेतली, डोंगरातली, आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात तिला कुठे जपत बसणार, आणि खाजरी पालेभाजीच हवी असेल तर आपल्या न्हाणीच्या मागे काय उभं आहे ते बघ ना. अळू! तर म्हणते, अळू मी बाजारातून पण आणत नाही, खाजतं.

त्या "खाजतं" साठीच हे सगळं लिहायला बसले. मी गोव्यात फोंडा तालुक्यात राहते, सासरी कुळागर म्हणजे सुपारी माडांची बाग आहे, पण अळू मी घराजवळच लावते, पाच सहा वाफ्यांत आणि गच्चीवर चार ग्रो बॅगमध्ये. आता इतक्या वर्षांनी पक्कं सांगते, अळवाची खाज हा नशिबाचा खेळ नाही. कुठलं अळू लावलं, कधी तोडलं, कसं कापलं आणि किती शिजवलं, या चार जागी लक्ष दिलं की पोरंसोरं पण मागून घेतात. आणि घरचं असलं की या चारही जागा आपल्या हातात असतात, बाजारच्या जुडीत नाही.

खाज येते कुठून

हे एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. कंडालीची आग पानावरच्या केसांत असते, काचेसारखे ठिसूळ केस, हात लागला की टोक मोडतं आणि आतलं रसायन कातडीत जातं. उकळत्या पाण्यात मिनिट दोन मिनिटं पानं बुडवली की केस मऊ पडतात, विषय संपला. अळवाचं तसं नाही. अळवाचं पान वरून गुळगुळीत, हात फिरवला तर काही होत नाही, पाण्याचा थेंबसुद्धा त्याच्यावर टिकत नाही. खाज आत आहे, पेशींच्या आत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक जुड्या बांधून बसलेले असतात, आणि पान कापलं, चुरगळलं किंवा चावलं की त्या सुया बाहेर पडून कातडीत, जिभेत, घशात टोचतात. म्हणून अळू नुसतं पाण्यातून काढून भागत नाही, ते पूर्ण शिजून लगदा व्हायला लागतं. अर्धवट शिजलेलं अळू हीच निम्म्या घरांतली तक्रार असते, आणि दोष येतो बिचाऱ्या झाडावर.

लावायचं कुठलं

इथे घाई करू नका. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने, शेताच्या बांधावर जे आपोआप उगवतं ते तेरें, रानटी अळू. ते खातात, चांगलं लागतं, पण ते जास्त खाजरं आणि त्याला रांधणारा हात सरावाचा लागतो. परसात लावायला मात्र घरगुती अळूच घ्या. त्यात पण ढोबळ दोन प्रकार. एकाच्या देठाला काळपट जांभळी झाक असते, पान गडद आणि जरा जाड, ते अळवड्यांसाठी उत्तम. दुसऱ्याचं देठ हिरवं किंवा फिकट, पान मऊ, ते पातळ भाजीला बरं. पण देठ काळं म्हणजे खाजत नाही असं जे लोक सांगतात ते डोळे झाकून मानू नका, रंगावर खात्री नसते, काळ्या देठाचं खाजणारं अळू मी स्वतः खाल्लं आहे.

खात्रीचा एकच उपाय, ज्या घरी तुम्ही अळू खाल्लं आणि घसा खवखवला नाही त्या घरून पिल्लू, म्हणजे झाडाच्या बाजूला फुटलेलं रोप, मागून आणा. अळू कोणी नाही म्हणत नाही, उलट उपटून टाकायलाच झालेलं असतं. ओळखीत नसेल तर मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावातल्या बायका पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, सामानाबरोबर माड्यो (अळवाचे कंद) घेऊन बसतात, त्यांना विचारा की पानासाठी आहे का माडीसाठी, त्या बरोबर सांगतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने खास पानासाठी कोकण हरितपर्णी नावाचं वाण काढलेलं आहे, कोणी कोकणात जाणार असेल तर मागवून बघा. थिरुवनंतपुरमच्या कंदपिकांच्या संशोधन संस्थेची श्री रश्मी, श्री पल्लवी अशी वाणं पण आहेत, पण ती मुख्य कंदासाठी.

आणि नर्सरीत शोभेची म्हणून मोठमोठ्या पानांची जी झाडं मिळतात ती खायची नाहीत, कितीही अळवासारखी दिसू देत. ओळखायची खूण लक्षात ठेवा. खायच्या अळवाचं देठ पानाच्या खाचेत जोडलेलं नसतं, खाचेपासून थोडं आत, पानाच्या पोटाला चिकटलेलं असतं, आणि पानाचं टोक खाली झुकलेलं. शोभेच्या त्या हत्तीकानांमध्ये मोठ्या झाडाचं देठ बरोबर खाचेत येऊन मिळतं आणि पान बहुतेक वर आभाळाकडे टोक करून उभं. तरी ही खूण फक्त नको ते बाजूला काढायला. तेऱ्याचं देठ पण पोटालाच असतं, म्हणजे खूण जुळली म्हणून खाज नाही असा अर्थ नाही. अनोळखी झाड असेल तर खाऊ नका, एवढं सोपं ठेवा.

हे मी एवढं ताणून सांगते कारण एका वर्षी चतुर्थीला आमच्याकडे हे झालेलं आहे. कोणीतरी प्रेमाने दिलेली पिल्लं मी माझ्याच वाफ्यात लावली, त्यात दोन रानातली होती, पानं मोठी झाल्यावर सगळी सारखी दिसायला लागली आणि पंचमीच्या दिवशी पंगतीत पाहुण्यांचे घसे धरले. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं, सणाचं जेवण ते. तेव्हापासून नवीन आलेलं पिल्लू पहिलं वर्ष वेगळ्या कुंडीत, त्याची एकदा थोडी भाजी करून घरच्या मोठ्यांनी खाऊन बघायची, मगच वाफ्यात.

लावणी

वेळ म्हणाल तर मे अखेर. आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागतो, तोपर्यंत माडीला मूळ फुटलेलं असलं की पहिल्या पावसाबरोबर पानं सुटतात आणि चतुर्थीपर्यंत तोडायला भरपूर होतं. पाण्याची सोय असेल तर अळू वर्षभर होतं, कुळागरात पाटाच्या कडेला बाराही महिने असतंच, पण नवीन लावणाऱ्याला मेच सोपा.

लहान माडी घ्यायची, साधारण २५ ते ३५ ग्रॅमची, सुपारीपेक्षा थोडी मोठी म्हणा, निब्बर, न कुजलेली, वर कोंब दिसत असेल तर छानच. दोन इंच खोल, कोंब वर करून. दोन झाडांत दीड फूट आणि दोन ओळींत दोन फूट अंतर. जवळ जवळ लावायचा मोह होतो कारण सुरुवातीला वाफा रिकामा दिसतो, पण जुलैत पानाला पान लागलं की हवा खेळत नाही आणि रोग तिथेच सुरू होतो.

आपली माती बहुतेक ठिकाणी तांबडी, जांभ्या दगडाची, आंबट आणि पाणी पटकन सोडणारी. अळवाला पोटभर खत आणि कायम ओल लागते म्हणून खड्ड्यात शेणखत हात सैल सोडून घाला, एका झाडाला दोन ओंजळी तरी, आणि चुलीची राख असेल तर मूठभर. खाली नारळाची सोडणं उलटी घालून त्यावर माती, ही माझ्या सासूबाईंची पद्धत, सोडणं पाणी धरून ठेवतात आणि ऑक्टोबरची हीट सुरू झाली की फरक कळतो. वरून माडाच्या चुडतांचं किंवा सुक्या पाल्याचं आच्छादन. तण पण कमी येतं.

ऊन किती? सकाळचं तीन चार तास पुरे. भर उन्हात पान लहान आणि राठ होतं, अगदी गडद सावलीत देठ लांबच लांब आणि पान पातळ. माडाखाली किंवा केळीच्या बाजूला जी हलती सावली असते ती सगळ्यात चांगली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीत पूर्वेची बाजू बघा. कुंडी १४ ते १६ इंचाची घ्या, त्याहून लहान नको, एका कुंडीत एकच झाड, माती अर्धी, उरलेल्यात शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट. कुंडीखाली बशी ठेवत असाल तर ती दर दोन तीन दिवसांनी ओता, अळवाला चिखल चालतो पण आपल्याला डासांची पैदास चालत नाही, पावसाळ्यात डेंग्यूची भीती घरोघरी असतेच.

आता न्हाणीच्या पाण्याबद्दल. पूर्वी अळू न्हाणीच्या मागेच असायचं कारण तिथे ओल कायम, आणि तेव्हा त्या पाण्यात फार तर शिकेकाई. आता शाम्पू, डिटर्जंट, बाथरूम क्लीनर, हे सगळं त्याच पाण्यात जातं. माझं मत स्पष्ट आहे, खायच्या अळवाला ते पाणी नको. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं द्या. नुस्तं, म्हणजे मासळी, धुतलेलं पाणी तर अळवाला अमृत, फक्त मीठ लावून धुतलेलं असेल तर ते पहिलं पाणी टाकून द्या, आणि थेट बुंध्यात ओतून वर माती सरकवा नाहीतर मांजरं उकरतात. गटाराच्या कडेचं, सांडपाण्यावरचं अळू तर कोणी फुकट दिलं तरी आणू नका, शहरात असं किती तरी सुंदर दिसणारं अळू असतं, पण झाड पाण्याबरोबर त्यातलं काय काय ओढून घेतं ते पानाकडे बघून कळत नाही.

पुढे खत दर तीन आठवड्यांनी मूठ दोन मुठी, किंवा शेण पाण्यात कालवून एकास दहा पातळ करून. पिल्लं फुटतात बाजूला, पानांसाठीच अळू असेल तर एक दोन ठेवून बाकीची काढून दुसरीकडे लावा, सगळी ठेवलीत तर पानं तळहाताएवढीच राहतात.

पावसातले त्रास

सगळ्यात मोठा त्रास पानावरच्या करप्याचा. जुलै ऑगस्टमध्ये झड लागली आणि ऊन दिसलंच नाही की पानावर भिजल्यासारखा गोल डाग पडतो, मग तो तपकिरी होत वाढत जातो, त्यात वर्तुळं दिसतात, चार पाच दिवसांत पान सडून भोकं. ही बुरशी पावसाच्या शिंतोड्यांनी एका पानावरून दुसऱ्यावर जाते. पहिला डाग दिसला त्याच दिवशी ते पान देठासकट कापून लांब नेऊन टाका, कंपोस्टमध्ये नको. कुळागरवाले सुपारीला कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारतात, त्यांच्याकडे ते असतंच, त्यामुळे कोणी सांगेल अळवावर पण मारा. बुरशीला ते चालतं पण आपण पानंच खाणार आहोत, घरापुरत्या दहा झाडांना फवारणी कशाला, अंतर ठेवा, पान काढत राहा, झड संपली की नवी पानं स्वच्छ येतात.

दुसरं, एका रात्रीत अख्खं पान गायब आणि फक्त शिरा शिल्लक असं दिसलं तर पानाच्या मागे बघा, बोटाएवढी जाड अळी असते, शेपटीकडे काट्यासारखं शिंग, घाबरू नका, चावत नाही, काठीने काढून लांब सोडा. लहान अळ्यांचे पुंजके दिसले तर ते पान तसंच तोडा. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा उपाय मला तरी लागू पडलेला नाही. मावा आला तर पाण्याची जोरदार धार पानाच्या मागच्या बाजूला. आणि ज्यांची घरं रानाला लागून आहेत त्यांना माहीतच आहे, रानडुक्कर एका रात्रीत माड्यो उकरून वाफा नांगरून ठेवतं, तिथे कुंडीच बरी.

तोडणी

लावल्यापासून दीड दोन महिन्यांत पानं काढता येतात. मधली सुरळी आणि तिच्या जवळची दोन पानं सोडायची, बाहेरची घ्यायची. पण अगदी बाहेरचं, पिवळट झालेलं, राठ पान भाजीत घालू नका. नुकतं पूर्ण उघडलेलं, हाताला रेशमासारखं लागणारं पान ते खरं. पावसाळ्यात भरपूर पाण्यावर वाढलेलं अळू कमी खाजतं आणि एप्रिल मेमध्ये पाणी तुटलेल्या झाडाचं जास्त, हा माझा दर वर्षीचा अनुभव, म्हणून उन्हाळ्यात कोमेजलेल्या झाडाची पानं मी रांधत नाही, आधी पंधरा दिवस पाणी देऊन नवी पानं येऊ देते.

कापताना देठ बुंध्याजवळून सुरीने कापा, ओढू नका. आणि जुने कपडे घाला, अळवाच्या रसाचा डाग काळा पडतो आणि मग जात नाही.

कापायचं कसं

इथेच हात खाजायला लागतात. पानं आधी अख्खी असताना धुवायची, झटकायची, कपड्यावर पसरून कोरडी होऊ द्यायची, मग कापायची. कापल्यावर धुवायची नाहीत. हात पण कोरडे, आणि त्यांना खोबरेल तेल चोळलेलं. ज्यांची कातडी नाजूक त्यांनी सरळ हातमोजे घालावेत, त्यात कमीपणा काही नाही. देठांची साल वरून खाली सोलत यायची, लांब धागे सुटतात. विळीवर कापा नाहीतर सुरीने, पण अळू कापता कापता डोळ्याला, तोंडाला हात लावू नका. हात खाजलेच तर चिंच नाहीतर भिजवलेलं सोल (आमसूल) चोळा, धुवा, परत तेल लावा.

रांधायचं कसं

आपल्याकडे आंबट घातल्याशिवाय कोणीच अळू रांधत नाही. चिंच, सोलं, आंबाडे, बिमलां, जे हाताशी असेल ते. घाटावर लग्नाच्या पंगतीतलं फतफतं करतात त्यात चणाडाळ, शेंगदाणे, मुळा आणि आंबटगोड चव असते. ठाण्या रायगडात शेवळाची भाजी करतात, ती पण अशीच खाजरी, तर त्यात काकडं नावाचं आंबट फळ घालतात. म्हणजे जिथे खाज तिथे आंबट, हे सगळीकडे बायकांनी आपापलं शोधून ठेवलेलं आहे.

आमच्या घरची पद्धत सांगते, चार माणसांना. मोठी दहा बारा पानं आणि त्यांची कोवळी देठं बारीक चिरून घ्या. भिकणां, म्हणजे फणसाच्या बिया, मेमध्ये सुकवून ठेवलेल्या असतात, त्या दहा पंधरा ठेचून वरची साल काढून, आणि रात्री भिजवलेले मूठभर चणे. हे सगळं पाण्यात घालून शिजत लावा, आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ किंवा ठेचलेले चार पाच आंबाडे सुरुवातीलाच घाला. कुकरमध्ये चार पाच शिट्ट्या, उघड्या टोपात पाऊण तास तरी. मग डावाने घोटा. पान आणि देठ वेगळं दिसत असेल तर अजून शिजलं नाही असं समजा, आणि तोपर्यंत चव बघू नका, हे फार महत्त्वाचं, चव बघायची घाई करणाऱ्याचाच घसा धरतो.

तेवढ्यात वाटण, अर्ध्या नारळाचं खोबरं, सहा सात सुक्या मिरच्या, दोन चमचे धणे, हळद. बारीक वाटून घाला, मीठ, थोडा गूळ, एक चांगली उकळी. वरून खोबरेल तेलात राई, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. चतुर्थीला हेच, कांदा लसूण नाही. एरवी मी फोडणीत ठेचलेली लसूण घालते. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बाजारात ताजं नुस्तं महाग आणि थोडंच, तेव्हा सुकी सुंगटां (कोळंबी) स्वच्छ करून, तव्यावर भाजून, शेवटच्या उकळीत टाकायची. पाऊस पडत असताना उकड्या तांदळाच्या भातावर हे अळू असलं की दुसरं काही लागत नाही.

तेरें रांधायचं असेल तर फक्त न उघडलेल्या सुरळ्या आणि अगदी कोवळी पानं घ्या, आंबट दीडपट, वेळ पण दीडपट. जुन्या बायका त्या सुरळ्यांच्या गाठी मारून आमटीत सोडतात, पहिल्यांदा करणाऱ्याने मात्र चिरूनच करावं कारण गाठ आतून शिजली का ते कळत नाही.

अळवड्या किंवा पात्रोडे म्हणा. पातोळ्यो वेगळ्या हं, त्या हळदीच्या पानातल्या गोड, बाहेरून आलेल्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. काळ्या देठाची पाच सहा पानं, मागच्या जाड शिरा सुरीने तासून सपाट करायच्या. पीठ घाटावर बेसनाचं, आम्ही मात्र तांदूळ आणि तूरडाळ तीन चार तास भिजवून सुकी मिरची, खोबरं, चिंच, गूळ घालून जाडसर वाटतो, हिंग हळद मीठ. मोठं पान खाली, पालथं, त्यावर पीठ सारवायचं, वर दुसरं पान उलट्या दिशेने, असे थर, कडा आत दुमडून घट्ट गुंडाळी. अर्धा तास पूर्ण वाफवा, वीस मिनिटांत सुरी स्वच्छ बाहेर येते म्हणून काढू नका, पीठ शिजतं लवकर, मधलं पान नाही. थंड झाल्यावरच कापायच्या आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस.

देठं जास्त असली तर सोलून, चिंचेच्या पाण्यात पूर्ण शिजवून, पिळून, दह्यात कालवायची, वर हिंग मिरचीची फोडणी. देठी. उन्हाळ्यात करून बघा.

माड्यो सहा सात महिन्यांनी, पानं पिवळी पडून झाड बसायला लागलं की काढायच्या. कच्च्या सोलल्या तर हात खाजतात, म्हणून सालीसकट उकडा, मग साल बटाट्यासारखी निघते. खतखत्यात, म्हणजे आमच्या मिसळ भाज्यांच्या कालवणात, घाला तिरफळाबरोबर, नाहीतर काप करून रवा लावून भाजा.

कोणी जपून खायचं

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू टाळावं किंवा डॉक्टरांना विचारून खावं, ऑक्सलेट जास्त असतं त्यात. बाकीच्यांनी पण रोज रोज नको, आठवड्यात एकदा ठीक, आणि सोबत दही ताक असू द्या, त्यातल्या कॅल्शियममुळे ऑक्सलेट पोटातच बांधलं जातं, अंगात कमी शोषलं जातं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर पालेभाज्या अचानक खूप वाढवू नयेत, अळवात के जीवनसत्त्व भरपूर असतं, डॉक्टरांच्या कानावर घाला. घशाला थोडी खाज आली तर सोलकढी किंवा ताक घोट घोट घ्या, थोड्या वेळाने जाते. पण ओठ जीभ सुजली, गिळता येईना, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना. लहान मुलं आणि पाळीव कुत्री कच्चं पान चावणार नाहीत एवढं बघा, कुंडी त्या हिशोबाने ठेवा.

पुढच्या वर्षासाठी

काढलेल्या माड्यांतल्या मधल्या आकाराच्या, न दुखावलेल्या, ज्या झाडाची भाजी खाजली नाही त्याच झाडाच्या, वेगळ्या काढून ठेवा. धुवायच्या नाहीत, माती झटकून दोन दिवस सावलीत सुकवायच्या आणि टोपलीत कोरड्या रेतीत किंवा राखेत, एकावर एक न रचता, हवेशीर जागी. चुलीच्या वरच्या फळीवर पूर्वी ठेवायचे, आता मी स्टोअररूममध्ये ठेवते. महिन्यातून एकदा हात घालून बघा, मऊ लागेल ती काढून टाका नाहीतर बाजूच्या चार घेऊन जाते. टोपलीवर कुठलं अळू ते लिहून चिठ्ठी बांधा, वडीचं, भाजीचं, कोणाकडून आलेलं ते पण. एप्रिल संपता संपता कोंब दिसायला लागतात. मामेबहिणीसाठी मी या वर्षी सात माड्यो बाजूला काढल्या आहेत, तीन वडीच्या, चार भाजीच्या.